मुलाच्या नावावरचा पैसा आणि प्राप्तिकर

सातबाऱ्याचा उतारा तुम्ही पुष्कळदा पाहिला असेल. त्यात एखाद्या नावापाशी 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे दिसतात. अज्ञान पालनकर्ता. म्हणजे मालक मूल, आणि कारभार पाहणारा बाप, आई किंवा आजा. कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांच्या आतले मूल ते 'अज्ञान', मग ते वर्गात पहिले येणारे का असेना! त्याच्या नावावर जमीन होते, बँकेत ठेवही होते. मग त्या ठेवीचे व्याज प्राप्तिकराच्या हिशेबात कोणाचे धरायचे?

"पैसा पोराचा, आणि पोराला कसला आलाय कर?" असे पुष्कळ जण म्हणतात. इथेच घोटाळा होतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासूनचा नियम असा, की अज्ञान मुलाचे उत्पन्न आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवायचे. मूळ रक्कम आजोबांनी दिली की मामाने, हे पाहायचे नाही. आईबापांचा घटस्फोट झाला असेल, तर मुलाला जो सांभाळतो त्याच्याकडे ते उत्पन्न धरायचे. कारण उघड आहे. नाहीतर मोठा पगारदार आपल्या ठेवी पोरांच्या नावाने वाटून टाकील आणि कर चुकवील.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एक गुरुजी आहेत. आजोबांनी नातीच्या नावाने १ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली, व्याज शेकडा ७. वर्षाचे झाले ७,००० रुपये. गुरुजींची मिळकत घरात जास्त, म्हणून हे व्याज त्यांच्या विवरणपत्रात यायचे. त्यांनी जुनी करपद्धत निवडली असेल, तर एका अपत्यामागे १,५०० रुपयांची सूट मिळते. उरले ५,५००. ते २० टक्क्यांच्या पायरीवर असले तर कर १,१००, वर ४ टक्के उपकर ४४ रुपये, एकूण १,१४४. नव्या करपद्धतीत ही सूट नाही, तिथे पुरे ७,००० धरावे लागतात. बँकेने व्याजातून आधीच कर कापला असेल, तर तो पालकाच्या नावे जमा धरावा असे बँकेला लेखी कळवता येते. पण व्याज दाखवलेच नाही, तर पुढे कर, त्यावर व्याज आणि वर दंडही बसू शकतो.

मग मुलाचे सगळेच उत्पन्न पालकाचे का? तसे नाही, बरं का. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कलाकौशल्याने मिळवलेला पैसा त्याचाच. सतरा वर्षांचा मुलगा सुट्टीत रोपवाटिकेत कलमे बांधून मजुरी मिळवतो, किंवा एखादी मुलगी रेडिओवर गाते आणि मानधन घेते, तर ती कमाई मुलाच्याच नावे मोजायची. ती करपात्र मर्यादेच्या आत असली तर कर नाही. मात्र तीच कमाई बँकेत ठेवली, तर तिचे व्याज पुन्हा पालकाच्या हिशेबात येते. कायद्यात सांगितलेले अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्नही पालकाच्या उत्पन्नात मिळवत नाहीत.

काही उत्पन्नांवर मुळात करच नाही. शेतीचे उत्पन्न, शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे व्याज, आणि २०१५ साली सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी खात्याचे व्याज, ही त्यांतली. तेव्हा शिष्यवृत्तीला कर लागेल या भीतीने कोणी फॉर्म भरायचे टाळू नये.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भाऊ-भावजय दोघेही गेली, पुतण्या पदरी आला, विम्याचे पैसे त्याच्या नावाने ठेवले. अशा वेळी चुलत्याला धाकधूक वाटते, की हे व्याज आपल्याच डोक्यावर बसणार. तर तसे नाही. नियम आईबापांपुरता आहे, त्यात सावत्र व दत्तक मूलही आले. पण ज्याचे आईबाप दोघेही नाहीत, त्याचे उत्पन्न त्याचेच राहते. चुलत्याने पालनकर्ता म्हणून मुलाचे पॅनकार्ड काढावे. बँकेने कर कापला असेल आणि उत्पन्न मर्यादेच्या आत असेल, तर त्याच्या वतीने विवरणपत्र भरून तो परत मागावा. पोरक्या मुलाचा पैसा अज्ञानापायी बुडू देऊ नये.

तेव्हा घरात एक वही करा. कोणत्या मुलाच्या नावाने काय ठेव आहे, व्याज किती आले, मूल अठरा वर्षांचे कधी होते, हे तीत लिहून ठेवा. कारण अठरावे वर्ष पुरे झाले, की त्या दिवसापासूनचे उत्पन्न मुलाचे स्वतःचे. गुरुजनांनी पालकसभेत एवढे समजावून सांगितले, तरी गावातले पुष्कळ घोटाळे टळतील.