मैना गावाकडं, माणूस शिफ्टवर

चाकणच्या खराबवाडीत, नाणेकरवाडीत कॉट बेसिसवर राहणारी पोरं रात्रपाळी करून आली की आधी गावाकडं फोन लावतात. बीड, लातूर, परभणीकडची ही पोरं आयटीआय करून कंपनीत लागलेली, त्यांतली कितीतरी ठेकेदाराकडं. लग्न झालेलं असलं तरी बायको गावीच, कारण हातात पडणाऱ्या पगारात दोघांची खोली आणि घरी पाठवायचे पैसे हे दोन्ही बसत नाही. या माणसाचं गाणं सुमारे सत्तर वर्षांपूर्वीच लिहून झालं आहे: अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड.

अण्णाभाऊंचा जन्म 1 ऑगस्ट 1920 चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा. पोटासाठी कुटुंब पायी मुंबईला निघालं. तिथं त्यांनी हमाली केली, फेरी केली, कापड गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्या वेळी गिरणगावात हजारो गडी एकेका खोलीत दाटीनं राहत, खानावळीत जेवत आणि गावी मनिऑर्डर करत. अण्णाभाऊ लिहीत होते ते या श्रोत्यांसाठी.

छक्कड हा तमाशाच्या फडातला प्रकार. शाहीर कडवं म्हणतो, शेवटाला ढोलकी चढते आणि तुणतुण्यावरचे झीलकरी धृपद उचलून धरतात. एकट्या माणसाचं दुःख दर कडव्याला चारचौघांच्या तोंडून परत येतं, आणि ऐकणाऱ्यांचा आवाज त्यात कधी मिसळला ते कळत नाही. ‘माझी मैना’ला हाच बाज हवा होता.

आधी मैनेचं रूप येतं, रंगात आलेल्या लावणीसारखं. मग गरिबी ताटातूट करते. भल्या पहाटे भाकरीची शिदोरी बांधली जाते, मैना त्याला गावाच्या वेशीपर्यंत घालवायला येते आणि तिथं तिचा चेहरा उतरतो. तिला हसवायला तो वचनं देऊ लागतो: तोडे घडवीन, वज्रटीक आणीन, पुतळ्यांची माळ घालीन. दागिन्यांची ही यादी ऐकताना मला दर वेळी गलबलून येतं. खिशात गाडीभाड्यापलीकडं काही नसलेला माणूस बायकोला नखशिखांत सोन्यानं मढवतो आहे, आणि ते होणार नाही हे दोघांनाही ठाऊक आहे.

पुढं मुंबई येते, तिथली श्रीमंती आणि तिथली बेकारी येते. आणि मग छक्कड वळण घेते. मैनेची भेट नाही, तशीच गत तुकडे पडलेल्या महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी नावं येतात, मुंबईतल्या फ्लोरा फौंटनचा लढा येतो. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या आंदोलकांवर नोव्हेंबर 1955 आणि जानेवारी 1956 मध्ये मुंबईत गोळीबार झाला होता. त्यानंतरच्या सभांत अमर शेखांच्या पहाडी आवाजात ही छक्कड मैदानं हलवून सोडत असे. पुढं विठ्ठल उमपांनीही ती गायली.

आधी नकाशा दाखवून मग बायको आठवली असती, तर ते प्रचाराचं पद झालं असतं. अण्णाभाऊंनी आधी विरह सोसायला लावला आणि मग हक्क मागितला. मराठी शाहिरीत राजकारण आणि प्रेम इतकं एकजीव दुसरीकडं कुठं झालेलं मला दिसत नाही.

1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. छक्कडीतली ती चार नावं मात्र बाहेरच राहिली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने उठले. 2011 च्या जनगणनेत शहर सव्वासतरा लाखांवर गेलं. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, पण गाव सोडणारा माणूस थांबला नाही. त्याच्या हाती आता मोबाइल आहे, आणि दिवाळीला पिंपरीतल्या वल्लभनगरच्या स्टँडवर एसटीची गर्दी आहे.

याच शहरात निगडीला अण्णाभाऊंचा पुतळा आहे आणि 1 ऑगस्टला तिथं शाहिरांची हजेरी लागते. कार्यक्रमांत पुष्कळदा मैनेच्या रूपाची कडवी गाऊन टाळ्यांवर थांबण्याची रीत पडली आहे. शाहिरांना हात जोडून विनंती आहे: छक्कड पुरी गा. समोर चाकणची पोरं बसलेली असतात.