घरातला समुद्र

पोपट पाळणारी घरे आपण पाहिली आहेत, मांजर पाळणारी पाहिली आहेत, आणि हल्ली तर घरातल्या माणसांपेक्षा कुत्र्याचाच थाट मोठा, अशीही घरे पाहण्यात येतात. पण "आमच्याकडे समुद्र पाळला आहे" असे मी सांगितले की समोरचे गृहस्थ प्रथम हसतात आणि मग माझ्याकडे जरा काळजीने पाहू लागतात. त्यातून आम्ही राहणार पुण्याला! समुद्रापासून शंभर-एक किलोमीटर दूर आणि त्याच्या पातळीपासून साडेपाचशे मीटर उंच. तिथे कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर समुद्र यायचा कुठून? पण तो आला आहे खरा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा काचेच्या पेटीत गेली अकरा वर्षे तो आमच्या बैठकीच्या खोलीत नांदतो आहे.

पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "हे आमच्याकडे जमेल का हो?" जमेल, निश्चित जमेल. पण कसे जमवावे याच्याइतकेच, काय आणून जमवू नये हेही आधी कळले पाहिजे. ही दुसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

या छंदाचा उगम

समुद्र घरी आणण्याची कल्पना कोणा शास्त्रज्ञाची असेल असे वाटते. पण आरंभ केला तो एका गृहिणीने. ॲना थिन हे तिचे नाव. १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की येथे तिला खडकांवर वाढणारे प्रवाळ दिसले आणि ते जिवंत ठेवायचे या निश्चयाने तिने ते लंडनला घरी आणले. पंप नाही, वीज नाही. मग पाण्यात हवा कशी खेळवायची? तिची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत बसे! पुढे बाईंनी पेटीत समुद्रातली शेवाळी आणून सोडली आणि मोलकरणीचे काम वनस्पतींनी पत्करले. ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले.

मग १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक काढले आणि विलायतेत समुद्रपेट्यांची साथच आली. जो तो टोपली नि छिन्नी घेऊन किनाऱ्यावर! परिणाम काय झाला तो गॉसच्याच मुलाने, एडमंडने, १९०७ साली लिहून ठेवला आहे. लहानपणी त्याने वडिलांबरोबर पाहिलेली खडकांतली जिवंत डबकी हौशी लोकांनी ओरबाडून पार ओस पाडली होती. वडिलांनी समुद्रावर प्रेम करायला शिकवले, आणि त्या प्रेमानेच किनारा उजाड केला! ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मीठ म्हणजे समुद्र नव्हे

आता पेटीकडे वळू. नवख्याला वाटते, आपण मासे पाळायचे. खरे म्हणजे पाळायचे असते ते पाणी. पाणी नीट राहिले तर मासे आपोआप राहतात.

कित्येकांची समजूत अशी की नळाच्या पाण्यात मूठभर खडेमीठ टाकले की झाला समुद्र. समुद्राच्या क्षारांत आपले नेहमीचे मीठ शंभरात साधारण ८६ भाग. उरलेले मॅग्नेशियम, गंधकाचे क्षार, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर. मिठागरात पाणी आटवताना जिप्सम आधी खाली बसते, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम असलेले कडवट पाणी काढून टाकतात. आमटीला हे फार चांगले. पण शिंपल्याला कवच बांधायला आणि कोळंबीला कात टाकून नवी चढवायला नेमके ते टाकलेलेच लागते. म्हणून समुद्रपेटीसाठी तयार मिळणारे मिश्र मीठच आणावे. आमच्या पेटीत वाळू आणि दगड सोडून जे पाणी मावते, त्याला पहिल्या खेपेस साधारण सहा किलो लागले.

पाणीही नळाचे नको. त्यातले क्लोरीन आणि इतर क्षार पुढे त्रास देतात. आर. ओ.चे पाणी घ्यावे. पण पिण्याच्या यंत्रात चवीसाठी थोडे क्षार परत मिसळण्याची सोय असते, ती टाळून पुढे रेझिनची नळी जोडावी, म्हणजे मोजणीचा काटा शून्यावर येतो. मीठ वेगळ्या टबात विरघळवावे, छोट्या पंपाने एक दिवस घुसळत ठेवावे आणि मगच ते पाणी पेटीत घालावे. रिफ्रॅक्टोमीटर नावाची एक छोटी नळी मिळते. तिच्या काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरून पाहिले की खारटपणा कळतो. आकडा १.०२५ च्या आसपास असला म्हणजे समुद्र मानवला.

आणखी एक गंमत. पेटीतले पाणी रोज आटते, पण आटते ते नुसते पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या नव्हे. आठवड्याकाठी मात्र वीस लिटर जुने पाणी काढून तितकेच नवे खारे पाणी घालायचे. आमच्या घरी तांब्याभर पाणी घालण्याचे काम सौभाग्यवतींनी तुळशीच्या पाण्याला जोडून घेतले आहे. त्यामुळे ते कधी चुकत नाही.

दीड महिन्याचे विरजण

पेटी भरली, दिवा लागला, पंप सुरू झाला, की मुले विचारतात, "मासे केव्हा?" उत्तर आहे, दीड महिन्याने. या उत्तराने निम्म्या लोकांचा उत्साह मावळतो. पण ज्यांचा मावळतो त्यांचे पैसे वाचतात आणि माशांचे प्राणही.

कारण असे. माशांच्या श्वासातून, विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया निघतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते बरेच सौम्य. हे जिवाणू वाळूवर आणि दगडांच्या छिद्रांत वस्ती करतात. पण ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दही लागायला रात्र जावी लागते, तद्वतच हे! जकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली जगाला दाखवून दिले की जिवंत दगड आणि हवेचे थोडे बुडबुडे एवढ्यावरही समुद्रपेटी चालते. त्यातले इंगित हे न दिसणारे कामकरीच.

पेटीला एक स्किमर नावाचे यंत्रही लावतात. ते पाण्यात बारीक बुडबुड्यांचा फेस करते आणि त्या फेसाबरोबर घाण वर येते. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

आतल्या खोलीतला माल

आमच्या पेटीत मासे आले, गोगलगाई आल्या, द्राक्षांच्या घोसांसारखे शेवाळे आले. एके दिवशी नात म्हणाली, "आजोबा, चित्रातल्या पेटीत रंगीत प्रवाळ असतं. आपल्याकडे का नाही?"

प्रश्न रास्त होता. मी तिला घेऊन एका दुकानात गेलो. दुकानदाराने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "काका, हवं असेल तर आतल्या खोलीत आहे. कुणाला सांगू नका म्हणजे झालं." नात माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी "नको" म्हटले आणि आम्ही बाहेर पडलो. रस्ताभर ती गप्प होती. घरी आल्यावर तिला समजावून सांगणे भाग पडले.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. ती इवल्या प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि घरमालकाला भाड्यापोटी देते. मेंदूसारखे गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे आतल्या खोलीत नारळाएवढा तुकडा असेल तर तो आमच्या नातीपेक्षा वयाने मोठा! म्हणूनच २००१ साली आपल्या सरकारने खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. समुद्री घोडेही त्याच वर्षी तिच्यात आले. हे जीव समुद्रातून काढणे आणि विकणे हा गुन्हा आहे. वाघाचे पिल्लू कोणी आतल्या खोलीत दाखवले तर आपण पिशवी पुढे करू काय?

माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्या पेटीत प्रवाळ आहे. पण ते दुसऱ्या एका हौशी माणसाच्या घरी वाढलेल्या प्रवाळाच्या फांदीचे. गुलाबाचे कलम द्यावे तसे तिकडचे हौशी लोक फांद्या कापून एकमेकांना देतात. तिथल्या कायद्यात ते बसते. आपण आपल्या कायद्याने चालावे.

मग आमच्या पेटीत काय? दगड आम्ही घरीच केले. पांढरे सिमेंट आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुरा ओल्या वाळूच्या साच्यात ओतला आणि नवे सिमेंट निवेपर्यंत दोन महिने पाणी बदलत बादलीत भिजत ठेवले. आज त्यांच्यावर जांभळे, हिरवे पुट चढले आहे आणि ते घरी केलेले आहेत असे सांगितल्याशिवाय कळत नाही. मासे म्हणाल तर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउन माशांची जोडी. २००३ सालच्या चित्रपटातला निमो तोच. तामिळनाडूत मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे मासे हौदात पैदा करण्याचे तंत्र बसवले आहे, आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तिथल्या स्त्रियांना शोभेचे समुद्री जीव वाढवण्याचे शिक्षण मिळाले आहे. तेव्हा मासा घेताना "हौदात जन्मलेला की समुद्रातून धरलेला?" हे विचारावेच. या माशांची आणखी एक मौज अशी की जन्मतः सारे नरच. घोळक्यात जो सर्वांत मोठा तो पुढे मादी होतो आणि घराची सूत्रे हाती घेतो. हे ऐकून आमच्या घरी कोण कोणाकडे पाहून हसले, ते सांगत नाही!

निसर्ग वादळाची रात्र

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आदळले आणि पुण्यातही झाडे कोसळली. आमच्याकडची वीज दुपारी गेली. पाणी हलले नाही तर त्यातला प्राणवायू सरतो, मासे गुदमरतात, आणि ते न दिसणारे कामकरीही मरू लागतात. बॅटरीवरचा हवेचा पंप रात्री आठला थांबला. मग मेणबत्तीच्या उजेडात मी, मुलगा, सून आणि नात, असे पाळीपाळीने पेटीतले पाणी तांब्याने उचलून वरून धार धरून ओतीत बसलो. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या लंडनच्या मोलकरणीची मला फार आठवण झाली. तिचे नाव कोणी लिहून ठेवले असते तर बरे झाले असते. मध्यरात्री उलटून गेल्यावर वीज आली. मासे जगले. नात स्टुलावरच झोपी गेली होती, तांब्या हातात तसाच.

उन्हाळ्यात निराळी कसोटी. समुद्रपेटीला २४ ते २७ अंश उष्णता मानवते आणि एप्रिलात आमची खोली ३२ च्या पुढे जाते. आम्ही पाण्यावर छोटे पंखे सोडतो. माठ गार होतो त्याच न्यायाने पाणी दोन-तीन अंश उतरते. फारच झाले तर चिलर चालवतो. पैशाचे म्हणाल तर पेटी स्वस्त, तिला गार ठेवणे महाग.

पण खऱ्या समुद्राला पंखा कोणी लावायचा? नेहमीच्या उन्हाळ्याहून पाणी एखादाच अंश अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे फटक पडते. पाणी लवकर निवले तर ते सावरते, नाही तर उपाशी मरते. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ साली झाले. २०२४ साली तर साऱ्या जगात चौथ्यांदा ही आपत्ती आल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. ज्याने एक अंश उतरवण्यासाठी एप्रिलच्या रात्री पंख्याची दिशा बदलली आहे, त्याला ही बातमी वाचून चैन पडत नाही.

ज्यांना प्रवाळ पाहायचेच आहे त्यांनी मालवणला जावे. तिथला सागरी भाग १९८७ सालापासून अभयारण्य आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोके घातले की प्रवाळ दिसते. त्यावर पाय मात्र ठेवू नये आणि आठवण म्हणून तुकडाही उचलू नये. नातीला आम्ही नेले होते. बराच वेळ पाण्यात पाहून ती वर आली, तोंडातली नळी काढली आणि पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, इथलं पाणी कोण बदलतं?"

भरती-ओहोटी बदलते, बाळ. दिवसातून दोनदा आणि फुकट. आपण फक्त त्यात घाण टाकायची नाही आणि त्यातले काही उचलायचे नाही.