आधी झाड, मग फळ : गेवराईची मोसंबी आणि बदलतं हवामान

हवामानबदलाबद्दल बोलताना आज आपण समोर ठेवूया गेवराई तालुक्यातली दोन एकर मोसंबी. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, जायकवाडीचा उजवा कालवाही तालुक्यातून जातो. पण कालव्यापासून लांब, एका विहिरीवर किंवा बोअरवर बाग जगवणाऱ्याने काय करायचं?

कापूस गेला तर एक हंगाम जातो. मोसंबीचं झाड गेलं तर पाच-सहा वर्षं जातात, कारण नवं झाड लावून हातात पैसा यायला तेवढा काळ लागतो. २०१२-१३च्या दुष्काळात मराठवाड्यात कितीतरी बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनी त्या स्वतःच्या हाताने तोडल्या. पुढे सप्टेंबर २०२५मध्ये याच भागात अतिवृष्टी झाली, गोदाकाठ पाण्याखाली गेला. म्हणजे एकाच बागेला दुष्काळाचीही तयारी हवी आणि पुराचीही.

हे नीट कळण्यासाठी ‘ताण’ समजून घेऊ. आंबिया बहारासाठी साधारण डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. झाड विसावतं, पानं थोडी गळतात, मग पाणी दिलं की जानेवारी-फेब्रुवारीत एकदम फूल येतं. आता नेमका ताणातच अवकाळी पाऊस पडला तर? ताण तुटतो, पालवी फुटते आणि फूल कमी किंवा मागेपुढे येतं. त्यातून वाचलेली बारीक फळं एप्रिल-मेच्या उन्हात गळतात. पुढे पावसाळ्यात बुडाशी पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, फायटोफ्थोरा बुरशी वाढते, मूळकूज आणि डिंक्या होतो. हे झाड लगेच मरत नाही, वर्षभर पिवळं पडत जातं.

मग उपाय काय? पहिला उपाय वहीतला आहे. ६ बाय ६ मीटरवर एकरी सुमारे १११ झाडं बसतात, दोन एकरांत २२२. उन्हाळ्यात नुसतं जगण्यासाठी झाडाला दिवसाला ५० लिटर धरले, तरी रोज ११ हजार लिटर पाणी लागतं. मार्च ते मे या तीन महिन्यांत ते १० लाख लिटर होतं. बहार धरण्याआधी विहिरीत, शेततळ्यात एवढं पाणी आहे का, ते बघायचं. नसेल तर त्या वर्षी फळाचा मोह सोडायचा. फळं कमी करायची, हलकी छाटणी करायची, बुडाशी पाचट किंवा गवताचं आच्छादन घालायचं आणि ठिबकने पाणी द्यायचं. उन्हाचा मार कमी करायला केओलिनची फवारणीही करतात.

दुसरा उपाय पावसाळ्याआधीचा. बागेत उताराच्या दिशेने चर काढायचे. खोडाला बोर्डो पेस्ट लावायची: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. कलमाचा जोड मातीत गाडला जाणार नाही, याकडे लक्ष ठेवायचं. नवी लागवड असेल तर ती गादीवाफ्यावरच करावी.

आता विमा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात पाऊस आणि तापमानाची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते, तुमच्या बांधावर काय झालं त्यावरून नाही. शिवाय हा विमा त्या बहाराच्या नुकसानीचा असतो, वाळलेल्या झाडाची सहा वर्षं तो भरून देत नाही. विमा काढावाच, पण त्याच्या भरवशावर झाड सोडू नये.

लहान शेतकऱ्याला मदत करायची तर म्हणून क्रम बदलायला हवा. नुसतं रोपांचं अनुदान देऊन भागत नाही. आधी पाण्याचा हिशेब, मग निचरा, मग लागवड. शेततळ्यासाठी, ठिबकसाठी शासनाच्या योजना आहेत. सल्ल्यासाठी तालुक्यातच खामगावचं कृषी विज्ञान केंद्र आहे, जालना जिल्ह्यात बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे. तिथे जाताना पाण्याच्या हिशेबाची वही सोबत न्या.

एका वर्षाचं फळ गेलं तर पुढच्या वर्षी येतं. त्यासाठी झाड उभं राहिलं पाहिजे.