फलकावरचा शेतकरी

वाकडच्या उड्डाणपुलाजवळ मध्यंतरी एक जाहिरातफलक लागला होता. पांढरा फेटा, सुरकुतलेला चेहरा आणि त्याखाली कोरड्या कुंचल्याने ओढावीत तशी खरबरीत अक्षरे : ‘बळीराजाला सलाम’. आई गावाहून आली होती. तीस वर्षे ती दुसऱ्याच्या रानात खुरपत आली. तिला वाचता येत नाही. फलकाकडे बोट करून तिने विचारले, “नाव काय रं ह्याचं?” मी सारा फलक वाचला. कंपनीचे नाव होते, माणसाचे नव्हते.

हा सन्मान घडवला कसा जातो, हे आपण समजून घेतले पाहिजे. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीखाली ठेवला की माणूस उंच, भव्य दिसतो. उजेड बाजूने घेतला की प्रत्येक सुरकुती खोल होते. कष्ट चेहऱ्यावर कोरल्यासारखे वाटतात. मागची पार्श्वभूमी पुसट केली की रान नाहीसे होते, आणि रानाबरोबर मालक कोण, मजूर कोण हा प्रश्नही. अक्षरांचेही तसेच. शिरोरेषा मध्येच तुटलेली, वेलांटी नांगराच्या फाळासारखी वळवलेली. अशा अक्षराला मातीचा वास आहे असे म्हणतात. यात कसब आहे, ते मी नाकारत नाही. जाहिरातीच्या धंद्यातच वावरलेल्या र. कृ. जोशी यांनी (१९३६-२००८) देवनागरी अक्षराला स्वतःचे व्यक्तिमत्त्व दिले; संगणकावरचा ‘मंगल’ हा टंक त्यांचाच. पण ज्या अक्षरापासून आमच्या पिढ्या दूर ठेवल्या गेल्या, ते आज आमच्या कष्टाचे गोडवे गाते आणि आमचे नाव तेवढे लिहीत नाही, याला काय म्हणावे?

फलकावर ‘शेतकरी’ म्हणून जो उभा असतो तो बहुधा जमीनधारक असतो, निदान तसा सजवलेला असतो. २०११च्या जनगणनेत देशात शेतकरी सुमारे ११.८ कोटी, तर शेतमजूर सुमारे १४.४ कोटी. म्हणजे रानात राबणाऱ्यांत सातबारा नसलेलेच अधिक. महार वतन १९५८च्या कायद्याने गेले. पुढच्याच वर्षी दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांचा सत्याग्रह उभारावा लागला. बळीराजा हा शब्दसुद्धा फुल्यांच्या लेखणीत शोषकांविरुद्ध उभा होता. फलकावर येताना त्याचा असूड गळून पडला.

हे इथलेच आहे असे नाही. १९३६ साली कॅलिफोर्नियातील निपोमो येथे डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे छायाचित्र घेतले. सरकारी कामासाठी घेतलेले ते चित्र जगभर गाजले, मंदीच्या काळातील दारिद्र्याचे प्रतीक ठरले. बाईचे नाव मात्र विचारलेच गेले नव्हते. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला १९७८ साली कळले, आणि ती मूळची चेरोकी, म्हणजे तिथल्या आदिवासींपैकी, हेही पुढे कळले. त्या चित्राचा एक पैसाही मिळाला नाही, ही तिची तक्रार होती.

दुसरी वाटही आहे. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत ग्रामीण स्त्रियांच्या श्रमाची छायाचित्रे घेतली आणि त्यांचे प्रदर्शन गावोगाव फिरवले. त्यात बाई वाकलेली दिसते. लावणी करताना, वीट वाहताना, शेण थापताना. चेहरा नेहमी दिसतोच असे नाही, काम दिसते. जाहिरातीला वाकलेली बाई चालत नाही. तिला कॅमेऱ्याकडे पाहून हसणारा म्हातारा हवा असतो.

वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. म्हातोबाच्या देवळाभोवतालच्या रानांवर आता इमारती आहेत. त्या रानांत जे राबत होते त्यांची ना मोबदल्याच्या यादीत नोंद, ना फलकावर. माझ्या वर्गातल्या मुलांना मी यंदा एक काम दिले आहे : घरातल्या, रानात राबलेल्या एका माणसाचा फोटो काढायचा आणि खाली स्वतःच्या हाताने त्याचे पूर्ण नाव, गाव आणि मिळालेली पहिली मजुरी लिहायची. अक्षर कसेही चालेल. पहिला कागद मीच लावला आहे. आईची पहिली मजुरी पैशांत नव्हती, ज्वारीत होती. किती, ते तिला अजून आठवते : दिवसाला दीड शेर.