ठिपक्याएवढ्या देशाचा धडा

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास घरोघरी परिचित आहे. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईस, चलन रुपया, स्वातंत्र्यदिन १२ मार्च १९६८, प्रजासत्ताक १९९२ पासून; एवढे पाठ झाले की त्या देशाची ओळख झाली असे आपण समजतो. परंतु वस्तुस्थितीचे तुकडे म्हणजे भूगोल नव्हे.

हिंदी महासागरातील हा ज्वालामुखीजन्य बेटांचा देश मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या तिपटीहून थोडे अधिक; लोकवस्ती मात्र साडेबारा लाखांच्या आसपास, मुंबईच्या दहाव्या हिश्श्याएवढी. तेथील जमीन व हवामान उसाला मानवले आणि त्या उसानेच देशाचा इतिहास घडविला. १८१० मध्ये बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्याचा सपाटा लावला. पुढील आठ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे तेथे उतरली. त्यांत रत्नागिरी व आसपासच्या मुलखातून मुंबई बंदरामार्गे गेलेली मराठी माणसेही होती. ती ज्या धक्क्यावर उतरली, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

आज त्यांच्या वंशजांच्या घरांत बहुधा क्रिओल बोलली जाते. हे कटू असले तरी खरे आहे. तथापि गणेशचतुर्थी तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे, शाळांत मराठी शिकण्याची सोय आहे आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षणही मिळते. घरातून निसटणारी भाषा संस्थांनी धरून ठेवली आहे.

आपल्याकडे नेमके उलट घडत आहे. मराठी घरात आहे, पण मराठी माध्यमाच्या शाळा ओस पडत आहेत. सर्व शाळांत मराठी शिकवावी म्हणून २०२० मध्ये महाराष्ट्रालाच कायदा करावा लागला. कायद्याने तास मिळतो. आस्था मिळत नाही. घरातली भाषा एकदा गेली की ती परत आणणे किती कष्टाचे, हे त्या बेटावरील मराठी शिक्षकांइतके कोणास ठाऊक असणार?

शिक्षकांनी मॉरिशस शिकविताना राजधानीपाशी थांबू नये. नकाशावरील तो ठिपका विद्यार्थ्यांना बरेच काही सांगू शकेल. मात्र कोणीतरी त्याच्यावर बोट ठेवून तो वाचावयास शिकविले पाहिजे.