निर्बंध चुकवणारे तेलवाहू टँकर

एखाद्या देशाच्या तेलावर निर्बंध आले की ते तेल वाहणारी काही जहाजे स्वतःची ओळख आणि मालाचे मूळ लपवू लागतात. ते कसे, हे आपण पाहू.

आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ३०० किंवा अधिक ग्रॉस टनेजच्या जहाजांवर एआयएस यंत्रणा बंधनकारक आहे. ती जहाजाची ओळख, स्थान व वेग रेडिओलहरींनी सतत कळवते.

१. ही यंत्रणा बंद ठेवणे किंवा तिच्यातून खोटे स्थान पाठवणे.
२. भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्या जहाजात तेल उतरवणे. लक्षात घ्या, असे हस्तांतरण एरवी कायदेशीर असते; येथे ते तेलाचे मूळ पुसण्यासाठी केले जाते.
३. जहाजाचे नाव, ध्वज आणि कागदोपत्री मालक वारंवार बदलणे. सात अंकी आयएमओ क्रमांक मात्र जहाज मोडीत निघेपर्यंत बदलत नाही. म्हणून तपासात नावापेक्षा तो महत्त्वाचा.

या लपवाछपवीची किंमत अपघातात कळते. इराणी तेल वाहिल्याचा संशय असलेल्या, १९९७ साली बांधलेल्या ‘पाब्लो’ या टँकरवर १ मे २०२३ रोजी मलेशियाजवळ स्फोट झाला. त्यावरील २८ जणांपैकी तिघे बेपत्ता झाले. टाक्यांत माल नव्हता, म्हणून मोठे संकट टळले. जळालेला सांगाडा मात्र अनेक महिने तेथेच पडून होता.

आता विचार करा: मालक सापडत नसेल आणि विमाही नसेल, तर खलाशांच्या कुटुंबांनी आणि किनाऱ्यावरच्या देशाने भरपाई कोणाकडे मागायची?