शनवार तेल्याचा घाणा

अलिबागहून उत्तरेस निघालेला वाटसरू थळ ओलांडून नवगावच्या माडांच्या सावलीत शिरला, की तेथे त्यास एक जुने कबरस्तान आणि त्यापाशी उभारलेला स्मारकस्तंभ दिसतो. याच किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि बुडालेल्यांना येथेच मूठमाती मिळाली, अशी बेने इस्रायल या यहुदी समाजाची परंपरागत समजूत आहे. ही घटना कोणत्या शतकातली, याविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. परंतु या माणसांच्या वंशजांनी पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात गावोगावी घाणे घातले, तेल गाळण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या केला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या त्यांच्या वहिवाटीवरून लोकांनी त्यांस ‘शनवार तेली’ म्हटले, याबद्दल वाद नाही.

हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नव्हे. ते गिऱ्हाइकांनी दिलेले आहे. ज्यांच्यापाशी धर्मग्रंथ उरला नव्हता, ज्यांची मूळ भाषा जाऊन मराठी हीच घरची भाषा झाली होती, त्यांनी प्रार्थनेची काही मोजकी वचने, आहाराचे नियम, सुंता आणि शनिवारची विश्रांती एवढीच शिदोरी जपली. आणि त्या शिदोरीतील जी गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नित्य व्यवहारात आड येत होती, तीच नेमकी त्यांची ओळख ठरली.

घाण्याचा धंदा मुळात विश्वासाचा. लाकडी उखळात लाट फिरते, डोळ्यांना झापडे बांधलेला बैल संथपणे फेरे घालतो, लाकूड करकरत राहते, आणि बऱ्याच वेळाने तेलाची पहिली धार सुटते. ते तेल बुधलीत पडले, की त्यात हलके तेल किती मिसळले, खोबरे खवट होते की ताजे, याची खातरजमा गिऱ्हाईक लगेच करू शकत नाही. ती होते ती घरी कढई तापल्यावर. अशा धंद्यात तेल्याच्या इमानाची साक्ष काय? माझ्या मते, जो माणूस दारी गिऱ्हाईक उभे असताना, पैसा समोर दिसत असताना, कोणाच्याही धाकावाचून आठवड्यातला एक दिवस नफ्यावर पाणी सोडतो, त्याच्या शब्दास एक निराळे वजन येते. नफ्याहून मोठे असे त्याच्यापाशी काही आहे, हे गावाला दर शनिवारी दिसत होते.

नोकराच्या दृष्टीनेही या वहिवाटीचा विचार केला पाहिजे. यहुदी धर्मातील शब्बाथची आज्ञा केवळ धन्यापुरती नाही. चाकर, दासी आणि गुरेढोरे यांनाही त्या दिवशी काम लावू नये, असे ती स्पष्ट सांगते. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना साप्ताहिक सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना 1884 पासून सभा भरवाव्या लागल्या, अर्ज करावे लागले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जी गोष्ट सहा वर्षांच्या खटपटीनंतर मालकांच्या गळी उतरली, तीच गोष्ट खाडीपलीकडच्या या तेल्यांच्या दारात फार पूर्वीपासून चालत आली होती, आणि माणसाबरोबर घाण्याचा बैलही त्या दिवशी मोकळा असे. तेल गाळणे तत्कालीन समाजव्यवस्थेत प्रतिष्ठेचे मानले जात नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या रीतीचे मोल अधिकच जाणवते.

या समाजाची आडनावे पाहावीत: नवगावकर, किहीमकर, चेऊलकर, रेवदंडकर, पेणकर. ज्याच्या नावातच गाव आहे, त्याने केलेली लबाडी गावाच्या नावावर पडते. त्याचे आडनाव हाच त्याचा जामीन. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी या समाजाचा इतिहास 1897 मध्ये लिहून पूर्ण केला, तो ग्रंथरूपाने तेल अवीवमध्ये 1937 साली निघाला. पुढे 1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली, गावोगावचे घाणे थांबले. तथापि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी त्या देशात चालविले.

नावाच्या पतीचा हाच प्रश्न आज या किनाऱ्यावर दुसऱ्या रूपाने उभा आहे. खंडाळे, सागाव, कार्ले, नेहुली या गावांत भात निघाल्यावर त्याच ओलीवर पांढरा कांदा लावतात. यांपैकी खंडाळे-सागाव परिसर बेने इस्रायलांच्या श्रद्धेचाही, कारण एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्थान तेथे आहे. या गोडसर, तिखटपणा कमी असलेल्या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु हंगामात वडखळ-अलिबाग रस्त्यावर घाटावरचा पांढरा कांदाही अलिबागचा म्हणून विकला जातो, आणि त्याची झळ खऱ्या शेतकऱ्यास बसते.

गेल्या फाल्गुनात कार्लेखिंडीपाशी एका बाईंच्या पालापुढे मी थांबलो होतो. सुकलेल्या पातीची वेणी घालीत, बोटाने एकेक कांदा दाबून पाहात, त्या माळ विणीत होत्या. एक कांदा मऊ लागला, तो त्यांनी बाजूस टाकला. दुसऱ्या ढिगाकडे मी बोट दाखविले तेव्हा त्या म्हणाल्या, “तो आमचा न्हाय, भाऊ. तो स्वस्त हाय, पण आमचा न्हाय.”

मी महाग माळ घेतली. वाचकहो, त्या रस्त्याने जाल तेव्हा भाव विचारण्यापूर्वी गाव विचारा.